जुन्या फिल्टरची रिंग

लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं, तेव्हा व्याह्यांनी फोनवर एक वाक्य सहज टाकलं. म्हणाले, "तुमची गाडी कशाला दमवता पाव्हणं? आमची मोठी गाडी हाय, ड्रायव्हर हाय. आम्हीच आणून सोडतो की."

बोलण्यात खोट काही नव्हती. माणूस सरळ आहे. भांडगावला त्यांची शेवंती आहे, झेंडू आहे, फुलं मार्केटला न्यायला पिकअप आहे, आणि घरच्यांसाठी वेगळी, पांढरी, उंच गाडी आहे. पण मला ते वाक्य नखात काडी गेल्यासारखं लागलं. पहिल्या खेपेला बापानं जावं आणि लेकीला घेऊन यावं, ही आमच्या घरची रीत. शिवाय माझी गाडी दमलेली आहे हे खरं होतं. खरं असलेलं जास्त लागतं.

गाडी माझ्याकडं आली तेव्हाच तिनं एका मालकाचा संसार बघितलेला होता. तिचं ऑइल बदलायची वेळ कधीच उलटून गेलेली. सकाळी चालू केली की पिठाच्या गिरणीत कोणीतरी खडे टाकलेत असा आवाज यायचा. एरवी मी रेडिओ मोठा करून भागवायचो. पण या खेपेला तसं चालणार नव्हतं. लेकीचं ब्लडप्रेशर थोडं वर होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, प्रवास एकदाच करा, सावकाश करा, आणि वाटेत कुठं अडकून पडायची वेळ येऊ देऊ नका. आमच्या तळेगाव ढमढेऱ्याहून भांडगाव म्हणजे न्हावरा, मग भीमेवरचा पूल, मग केडगाव, चौफुला. मधे कितीतरी पट्टा नुसता ऊस. तिथं गाडी बंद पडली तर फोनला रेंजसुद्धा उसात शिरून शोधावी लागते.

नेहमीचा मिस्त्री भाच्याच्या लग्नाला गावी गेलेला. शिरूरच्या गॅरेजवाल्यानं पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं. लेकीला आणायचं होतं रविवारी. बाळाचं, ब्लडप्रेशरचं माझ्या हातात काही नव्हतं. ऑइल होतं. मी शिरूरहून ऑइलचा कॅन आणि नवा फिल्टर घेऊन आलो आणि घरात जाहीर केलं की शनिवारी हे काम मी स्वतः करणार.

बायकोनं विचारलं, येतं का तुम्हाला. मी म्हणालो, अगं, मी कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर लोकांनी बसवलेले पार्ट बघून कोणता बरोबर, कोणता चूक ते सांगतो. ती म्हणाली, सांगता हो, पण बसवता कुठं. हा मुद्दा मी सोडून दिला.

गाडीखाली शिरायचं तर ती उंच पाहिजे किंवा आपण खाली पाहिजे. जॅकवर माझा विश्वास नाही. म्हणून मी आमच्याकडं ट्रॅक्टरवाले करतात ते केलं. घरामागं शेजारच्या आप्पांच्या वावराला पाणी नेणारी सिमेंटची चारी आहे, माणूस आडवा मावेल एवढी. ती कोरडी होती. गाडीची दोन चाकं चारीच्या अलीकडं, दोन पलीकडं, आणि मधे खाली चारीत मी, उताणा. आप्पांना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, पाण्याची पाळी उद्याची हाय, झोपा निवांत.

फिल्टर शोधण्यात माझी अर्धी सकाळ गेली. ट्रॅक्टरचा फिल्टर कसा म्हशीच्या आचळासारखा बाहेर लोंबत असतो, आंधळ्यालाही सापडेल. माझ्या गाडीत मी आधी बॉनेट उघडून एअर फिल्टर काढला, त्यालाच ऑइल फिल्टर समजून, आणि त्यात ऑइल का नाही याची काळजी करत बसलो. मग एक गोल, काळी, फिरवण्यासारखी दिसणारी वस्तू फिरवली, तर एक वायर निसटली. ती कुठून निसटली ते आठवेपर्यंत मला घाम फुटला. शेवटी चारीत झोपून वर बघितलं तेव्हा तो दिसला. सायलेन्सरच्या पाइपामागं, कपाटामागं पडलेल्या डब्यासारखा, धुळीनं माखलेला. ऑइल पातळ व्हावं म्हणून मी थोड्या वेळापूर्वीच गाडी चालू करून गरम केली होती. पाइपही गरम झाला असणार हे मला कोपर टेकल्यावर कळलं.

तोवर चारीच्या काठावर माणसं जमली होती. गावात कोणी ऑइल सोडायला बसलं की ते कसं कोण जाणे कळतं. जळकं ऑइल फेकून द्यायची वस्तू नाही. आप्पांना ते गोठ्याच्या मेढींना लावायचं होतं, वाळवी येऊ नये म्हणून. पण खरा हक्कदार होता सेंट्रिंगवाला ठेकेदार. स्लॅब टाकताना खालच्या पत्र्याच्या प्लेटांना जळकं ऑइल चोपडतात, म्हणजे काँक्रीट धरून बसत नाही. त्याला केंदूरला एका घराचा स्लॅब टाकायचा होता, म्हणून तो रिकामा डबा घेऊन माझ्या डोक्याशी उकिडवा बसला होता, दूध काढायची वाट बघत बसावं तसा.

चेंबरचा नट सोडला. खाली ठेवलेल्या घमेल्यात काळी धार पडली. इथवर ठीक चाललं होतं. मग फिल्टर. तो काही केल्या फिरेना. फडकं गुंडाळून बघितलं, पॉलिश पेपर लावून बघितला, माझा कमरेचा पट्टा त्याला आवळून ओढला, तर पट्टा तुटला. आप्पा म्हणाले, आता पँट धरा आन् फिल्टर सोडा. शेवटी फोनवर एका व्हिडिओत बघितलं होतं ते केलं. फिल्टरच्या पोटात स्क्रू ड्रायव्हर ठोकून आरपार घातला आणि त्याची मूठ करून फिरवला. फिरला. आणि भोकातून निघालेलं ऑइल माझ्या मनगटावरून, कोपरावरून थेट काखेत आलं. काखेत कोमट ऑइल आलं की माणसाला कसं वाटतं हे सांगायला शब्द नाहीत. फिल्टर सुटला, तो घमेल्यात तोंड खाली करून पडला, आणि मी आता दोन मिनिटं नुसता श्वास घेऊ म्हणून डोळे मिटले.

तेवढ्यात कानाला गार लागलं.

मला वाटलं, घाम. मग मानेखाली गार लागलं, मग पाठीखाली. तेव्हा आप्पांचा आवाज आला, अगदी शांत, "साहेब, वरच्यानं पाणी आजच सोडलंय वाटतं. उठा."

उठणार कसा? वर गाडी. गाडीला एक फिल्टर नाही, एक नट नाही. ठेकेदार मात्र चपळ. त्यानं घमेलं पाण्यावरून अलगद उचललं, आतल्या जुन्या फिल्टरसकट, कारण फिल्टरमधलंही ऑइल त्याला निथळून हवं होतं, आणि सोमवारी घमेलं आणून देतो म्हणत तो निघून गेला. मी पाण्यात झोपून चेंबरचा नट लावला. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटानं ऑइल पुसलं, अंदाजानं वर धरला, आटे लागले, फिरवत गेलो, हातानं जेवढा आवळता आला तेवढा आवळला. पाणी गालापर्यंत चढलं होतं. आप्पांनी माझे दोन्ही पाय धरून मला चारीतून मागं ओढलं.

मग चिखलात उभं राहून नवं ऑइल ओतलं. गाडी चालू केली. ऑइलचा लाल दिवा लागला, आणि विझला. आवाज असा की शेजारणीच्या मांजरानं मान वर करून बघितलं आणि ते परत झोपलं. खडे गेले होते. मी ऑइल मोजायच्या पट्टीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पट्टीवरचं ऑइल मधासारखं दिसत होतं. खाली लिहिलं, स्वतः केलं. व्याह्यांनी त्यावर एक अंगठा पाठवला. नुसता अंगठा. मला त्यातही दमलेल्या गाडीचा वास आला.

रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. बायकोनं लेकीसाठी डब्यात चिंचेचं सार घेतलं होतं. लेकीला आंबट सोडून काही गोड लागत नव्हतं, आणि तिकडच्या साराला आईच्या साराची चव येत नाही असं ती सासूच्या नकळत फोनवर म्हणाली होती. न्हावऱ्याला चहाला थांबलो. सार सांडलं तर नाही ना म्हणून बायकोनं मांडीवर डबा घेऊन उघडला. झाकण घट्ट होतं. तिनं जोर लावला आणि झाकण निघालं, पण झाकणातली रबरी रिंग डब्याच्या काठालाच चिकटून राहिली. तिनं ती नखानं सोलून काढली, झाकणाच्या खाचेत बसवली आणि परत झाकण दाबलं. दोन क्षणांचं काम. ती चहा प्यायला लागली.

मी मात्र कप तसाच धरून उभा.

आमच्या कारखान्यात पंप जुळवतात. पंप दुरुस्तीला आला की झाकण काढायचं, जुनी रिंग काढायची, नवी घालायची. कधी कधी जुनी रिंग झाकणाबरोबर न येता खालीच चिकटून राहते. काळ्यावर काळी, दिसत नाही. तिच्यावरच नवी बसवली की दोन रिंगा होतात. आणि दोन रिंगांचं लक्षण असं की सुरुवातीला त्या छान धरतात. एक थेंब गळत नाही. मग पंप असो की इंजिन, ते तापलं, दाब वाढला, की वरची सरकते आणि सगळं ऑइल एकदम बाहेर. हे मला पाठ आहे. यावर मी स्वतः विभागात सूचना लावली आहे, मोठ्या अक्षरात: जुनी रिंग निघाली का? आधी बघा, मग बसवा. ही चूक केली म्हणून एका ऑपरेटरला मी विचारलं होतं, तुम्ही काम करताना झोपता का. त्यानं मान खाली घातली होती. मी तर खरोखरच झोपून काम केलं होतं. पाण्यात.

जुनी रिंग फिल्टरबरोबर निघाली होती का? मी आठवायला लागलो. फिल्टर तोंड खाली करून घमेल्यात पडला. वर इंजिनाकडं मी बघितलंच नव्हतं. मग पाणी आलं. मग घमेलं गेलं.

बायकोला वाटलं मला मळमळतंय. मी काहीतरी पुटपुटून गाडीखाली वाकलो. कोरडं. पण कोरडं असण्याला काही अर्थ नव्हता, हेच तर त्या सूचनेत खाली बारीक अक्षरात लिहिलंय. टपरीमागं जाऊन ठेकेदाराला फोन लावला. तो केंदूरला स्लॅबवर होता. मिक्सरचा एवढा आवाज की मला ओरडावं लागलं, आणि बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून ओरडताही येईना. मी तोंडावर हात धरून सांगितलं, कालचा जुना फिल्टर शोधा, त्याच्या तोंडाला काळी रबरी रिंग आहे का बघा. तो म्हणाला, साहेब, आता माल पडतोय, माल पडला की बघतो. स्लॅब चालू असताना माणूस स्वतःच्या लग्नालाही जात नाही, हे मला ठाऊक होतं.

बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, व्याह्यांची गाडी मागवा. आणि ते बरोबरच असतं, म्हणून सांगितलं नाही.

पुढचा रस्ता मी समोर बघून चालवला असं म्हणता येणार नाही. मी त्या लाल दिव्याच्या जागेकडं बघत होतो. दिवा विझलेला असला की काळा ठिपका दिसतो. त्या काळ्या ठिपक्यात मला दर थोड्या वेळानं लाल दिसायचं. कुठला तरी वास आला की काच खाली करायचो. बायको म्हणायची, अहो, साखर कारखान्याचा वास आहे, रोजचाच. मी इतका हळू चाललो होतो की उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर हॉर्न वाजवून आम्हाला ओलांडून गेला. ट्रॉलीवर बसलेल्या बाईनं मागं वळून आमच्याकडं बघितलं, काळजीनं. भीमेचा पूल आला तेव्हा मला वाटलं, सुटायचं असेल तर आत्ताच सुटू दे, लेक गाडीत नाही तोवर. असं गाडीबद्दल कोणी मागणं मागत नसेल.

मागणार तरी कोणाकडं? आमच्याकडं गाडीपुढं नारळ फोडत नाहीत, लिंबू-मिरची बांधत नाहीत. वडील म्हणायचे, आपलं आपण बघायचं. तत्त्व चांगलं आहे. पण चूक झाली की ती ढकलायला कोणी उरत नाही.

व्याह्यांच्या अंगणात नवे कोरे पेव्हिंग ब्लॉक बसवलेले होते, लाल आणि करडे, चौकटीचौकटीचे. त्यांनी पुढं येऊन जयभीम घातला आणि गाडी अगदी मधोमध लावायला लावली. मी उतरलो आणि पहिल्यांदा गाडीखाली बघितलं. रुमाल पडला म्हणालो. विहीणबाई पाणी घेऊन आल्या तेव्हा परत बघितलं. किल्ली पडली म्हणालो. व्याही म्हणाले, "पाव्हणं, तुमचं लई सामान पडतंय आज." जावईबापू कुरकुंभच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेले, त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. तेवढी दोन डोळ्यांची बचत झाली.

लेक बाहेर आली. एक हात कमरेवर, चाल जड झालेली, चेहरा भरलेला. पायावर थोडी सूज होती. मी तिच्या पायांकडं बघितलं, मग गाडीकडं, मग परत पायांकडं.

जेवायला बसलो. मटणाचा रस्सा होता, बाजरीची भाकरी होती, एरवी मला उठवावं लागलं असतं. घास फिरत होता. व्याही सांगत होते, यंदा शेवंतीला कसा भाव धरला नाही, मी हं हं करत होतो. तेवढ्यात फोन वाजला. ठेकेदार. मी खरकट्या हातानं अंगणात गेलो.

तो म्हणाला, "साहेब, फिल्टर घावला."

"रिंग?"

"तेच सांगतोय. तोंडाला काय न्हाई. नुसता पत्रा हाय."

मी विचारलं, नीट बघितलं का, खाचेत आहे का. त्यानं बोट घालून बघितलं होतं. खाच रिकामी होती. तो आणखी काही बोलला असेल, मला ऐकू आलं नाही. फिल्टरला रिंग नाही म्हणजे रिंग इंजिनाला आहे. इंजिनाला आहे म्हणजे तिच्यावर माझी दुसरी. आणि परतीला मागच्या सीटवर लेक.

वळलो तर लेक दारात उभी. जेवण टाकून माझ्या मागं आली होती. लहानपणापासून तिची ही सवय, मी खोटं बोलत असलो की ती दारात येऊन उभी राहायची.

"पप्पा, काय झालंय?"

मी म्हणालो, काही नाही, कारखान्याचा फोन.

"रविवारी?"

मग मी तिला सांगितलं. चारी, पाणी, घमेलं, साराचा डबा, रिंग, सगळं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मला तुमच्या गाडीतनंच यायचंय. पण तुम्ही असे बघत असाल तर नको. आतमध्ये सांगा."

आतमध्ये सांगा म्हणजे व्याह्यांना सांगा. जी गोष्ट टाळायला मी हा सगळा उपद्व्याप केला, ती. मी हात धुतले. ओसरीवर आलो. बायको, विहीणबाई, व्याही, सगळी बसलेली. म्हणालो, गाडीचं काम मी केलंय, ते बरोबर झालंय की नाही मला माहीत नाही. पोरीला तुमच्या गाडीनं पाठवा. मी मागून येतो.

बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की ते बघणं मला अजून पुरतंय.

व्याह्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मधे एकदाच थांबवलं, चारीत पाणी कुठवर आलं होतं म्हणून. मग उठले, अंगातला पांढरा सदरा काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "चला, उघडून बघू. इंजिन निवलं असंल आतापोतर."

मी म्हणालो, कशाला, तुमची गाडी आहे ना. ते म्हणाले, गाडी कुठं पळत न्हाई, पण तुम्ही मागनं येणार तर तुमचं काय. आणि पिकअपचा जॅक, लाकडी ओंडके आणायला गेले. माझा जॅकवर विश्वास नाही हे सांगायची ती वेळ नव्हती.

अशा रीतीनं दोन व्याही एका गाडीखाली शिरले, बनियनवर, शेजारी शेजारी. तिथं मला पहिल्यांदा कळलं की ते घोरल्यासारखा श्वास घेतात. मी फिल्टर दाखवला. त्यांनी टॉर्च धरला. मी फिरवला, हातानंच आवळलेला, सहज सुटला. खाली धरायला पातेलं आणलं होतं, पण मी घाईत ते उलट्या बाजूला सरकवलेलं. फिल्टर भरलेला असतो हे मी एका दिवसात विसरलो होतो. नवं, मधासारखं ऑइल माझ्या हातावरून त्यांच्या बनियनवर आणि तिथून नव्या ब्लॉकवर पसरलं.

त्यांनी टॉर्च वर धरला. इंजिनाचा तो गोल पत्रा चकाकत होता. मी बोट फिरवलं. परत फिरवलं. मग त्यांनी फिरवलं, जाड, रापलेलं बोट, सावकाश, घागरीला चीर आहे का बघावं तसं.

काही नव्हतं. स्वच्छ. फिल्टरला एक रिंग, इंजिनाला शून्य. जुनी रिंग कधीच निघून गेली होती. सकाळपासून एक थेंब गळत नव्हता, तो मी बघायला म्हणून वाटीभर सांडला.

आम्ही दोघं तसेच पडून राहिलो. वरून बायकोचा आवाज आला, काय निघालं. व्याह्यांनी उत्तर दिलं, "काय न्हाई निघालं. त्येच निघालं."

मग फोन वाजला. माझे हात ऑइलचे, त्यांचेही. लेकीनं वाकून तो माझ्या कानाला लावला. ठेकेदार सांगत होता की त्याच्या हाताखालच्या बाईनं कालच ती रिंग फिल्टरची काढली, कारण ऑइलच्या डब्याचं झाकण सैल होतं आणि ती त्याला बरोबर बसली. आता तिला विचारलं म्हणून कळलं. परत पाहिजे का, त्यानं विचारलं. मी म्हणालो, नको, राहू दे तिथंच.

फिल्टर परत लावला. या वेळी रिंगेला ऑइल पुसलं, वर बघितलं, परत बघितलं, मग व्याह्यांना बघायला लावलं, मग फिरवला. डिकीत उरलेलं ऑइल होतं, ते भरलं. गाडी चालू केली, दिवा विझला. खाली कोरडं होतं, म्हणजे माझ्या तळ्याखेरीज. विहीणबाईंनी त्यावर राख टाकली, भुसा टाकला, साबणानं घासलं. लाल ब्लॉकवरचं गेलं. करड्यावरचं आजही आहे. मी गेलो की व्याही मला गाडी बरोबर त्याच डागावर लावायला लावतात. म्हणतात, तुमची जागा राखून ठिवलीय.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आता निघायची वेळ झाली. त्यांची पांढरी गाडी सावलीत उभी होती, ड्रायव्हर किल्ली घेऊन पायरीवर बसलेला. मी म्हणून ठेवलं होतं, पोरीला तुमच्या गाडीनं पाठवा. शब्द मागं घ्यायचा कसा, आणि घ्यावा का, हे मला कळत नव्हतं. एक तरी थेंब गळाला असता तर निर्णय सोपा होता.

व्याही मोरीवर हात धूत होते. तिथनंच म्हणाले, "तुम्ही लई भितरं हाय, पाव्हणं."

मी म्हणालो, आहे.

"मग न्या तुमच्याच गाडीतनं. आमचा ड्रायव्हर भीत न्हाई कशाला."

लेक आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. विहीणबाईंनी तिच्या पाठीला उशी दिली, पायाखाली दुसरी. व्याही ओल्या हातानं खिडकीशी आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेवढ्या एका क्षणात मला त्यांचा चेहरा दिसला. तो चेहरा मी सकाळपासून आरशात बघत होतो. मला वाटत होतं ते मोठी गाडी मिरवतायत. त्यांनाही काहीतरी हातात हवं होतं.

चौफुला गेला, केडगाव गेलं. बायको डबा मांडीवर घेऊन बसली होती. लेकीनं चालत्या गाडीतच सार वाटीत ओतून घेतलं, दोन घोट प्यायली, आणि डोळे मिटून बसली. ऊन उतरत होतं. उसाच्या ट्रॉल्या समोरून येत होत्या, मी प्रत्येकीला रस्ता सोडून उभा राहत होतो. दिवा विझलेला होता. रिंग एक होती, दोघांनी बोट फिरवून बघितलं होतं. तरीही नजर तिथंच जायची, काळ्या ठिपक्यावर.

भीमेच्या पुलावर चढताना मागून तिचा आवाज आला. मला वाटलं होतं ती झोपली.

"पप्पा, दिवा मी बघते. तुम्ही रस्ता बघा."

आणि ती पुढच्या दोन सीटांच्या मधून मान घालून, पोट सांभाळत, खरंच दिव्याकडं बघत बसली, घर येईपर्यंत.